फिश टँकमधल्या माशाचा फोटो धूसर का येतो? साध्या कॅमेऱ्याने स्पष्ट फोटो कसा काढायचा?

घरातल्या गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले की आपण काय करतो? मोबाइलने फोटो काढतो आणि मासे जिथून आणले त्या दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवतो. बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर किंवा लोणारला राहणाऱ्याला शोभेच्या माशांचा डॉक्टर जवळपास सहज मिळत नाही, त्यामुळे सगळी भिस्त त्या फोटोवर असते. आणि फोटोत दिसतो एक केशरी डाग. मग उत्तर येतं, "निळं औषध टाका."

पण ठिपका कुठे आहे, यावर सगळं अवलंबून असतं. 'इक' नावाच्या रोगात अंगावर आणि परांवर मीठ भुरभुरल्यासारखे बारीक दाणे दिसतात. याउलट, विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीजवळच्या परांच्या पुढच्या कडेवर असेच पांढरे ठिपके येतात. तो आजार नाही, मासा ठणठणीत असतो. अशा वेळी मिथिलीन ब्लू, म्हणजे ते निळं औषध, टाकलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मात्र विनाकारण मरतात. फरक एक मिलिमीटरच्या ठिपक्याचा, म्हणून फोटो स्पष्ट हवा.

आधी काच बघा

घाटाखालच्या तालुक्यांत, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या खारपाणपट्ट्यात, बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. पाणी सुकलं की काचेवर पांढरा थर उरतो आणि कॅमेरा नेमका त्या थरावर फोकस करतो. बाहेरची काच पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा. आतल्या बाजूला व्हिनेगर, साबण, काच पुसायचा स्प्रे काहीही नको. स्वच्छ स्पंज किंवा जुनं एटीएम कार्ड पुरतं. हे काम आदल्या दिवशी करा, कारण साफसफाईनंतर गाळ वर येतो आणि काचेला बुडबुडे चिकटतात.

प्रकाश वरून, खोली अंधारी

माशाऐवजी स्वतःचा चेहरा आणि मागची ट्यूबलाइट फोटोत येते, ही तक्रार सगळ्यात जास्त. यावर उपाय फुकटचा आहे. खोलीतले दिवे बंद, पडदे बंद, फक्त टँकवरचा दिवा चालू. अंगात गडद रंगाचा शर्ट असेल तर आणखी बरं. काळ्या कापडाला लेन्सएवढं भोक पाडून ते कॅमेऱ्यापुढे धरलं की उरलंसुरलं प्रतिबिंबही जातं. मोबाइलचा फ्लॅश बंदच ठेवा. तो काचेवरून सरळ लेन्समध्ये परत येतो.

कॅमेरा काचेला अगदी समोरासमोर धरा. तिरका धरला की पाणी आणि काच यांतून येणारा प्रकाश वाकतो, मासा ताणल्यासारखा दिसतो आणि कडा फाटतात. बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांना आठ-दहा सेंटिमीटरपेक्षा जवळचं स्पष्ट दिसत नाही, म्हणून फार जवळ जाऊ नका. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यात फुलाचं चिन्ह असलेला मोड असतो, तो जवळच्या फोटोसाठीच. मोबाइलवर दोन बोटांनी झूम करू नका. नंतर फोटो कापला तरी तेच मिळतं.

मासा थांबत नाही, मग?

त्याच्या मागे कॅमेरा फिरवणं हा सगळ्यात वाईट मार्ग. पुढच्या काचेजवळचं एक पान निवडा, स्क्रीनवर त्यावर बोट दाबून ठेवा म्हणजे फोकस तिथेच अडकतो. मग त्या जागी चिमूटभर खाद्य टाका आणि वाट बघा. मासा आला की बटण दाबून धरा, एकामागून एक वीस-पंचवीस फोटो निघतील. त्यातले दोन चांगले आले तरी पुष्कळ. काचेवर टकटक करू नका, आधीच आजारी मासा त्याने आणखी घाबरतो.

मोबाइलमध्ये 'प्रो' मोड असेल तर शटर १/१०० किंवा १/१२५ च्या आसपास ठेवा. त्याहून मंद ठेवलं तर मासा हलतो. फार वेगवान ठेवलं तर वेगळीच गंमत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. डोळ्याला ते कळत नाही, पण १/५०० ला फोटोत आडवे काळे पट्टे उमटतात. तसे दिसले तर १/१०० वर या.

बुडबुडे आड येत असतील तर एअर पंप पाच मिनिटं बंद केला तरी चालतो. मात्र मे महिन्यातल्या दुपारी हे करू नका. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर फोटो राहू द्या, पंप लगेच सुरू करा.

आजारासाठी पाठवायचा असेल तर

एक फोटो पूर्ण माशाचा बाजूने, एक ठिपक्यांचा जवळून आणि एक अख्ख्या टँकचा घ्या. फिल्टर किंवा ब्यूटी मोड लावू नका, तो बारीक ठिपकेच पुसून टाकतो. पाणी बोअरचं की नळाचं आणि शेवटचं कधी बदललं, हेही लिहा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जाऊन लहान होतो, म्हणून पिनच्या चिन्हावर जाऊन तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.