पावतीबाहेरची नावे : हिंगण्याच्या दोन बहिणी आणि निधी मागणाऱ्यांचा इतिहास

१.
परभणी जिल्ह्यातील एखाद्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसायचा म्हटला की प्रथम पट्टी गोळा होते. ऐपतीप्रमाणे कोणी ज्वारी देते, कोणी रोख रक्कम, कोणी एका दिवसाच्या पंगतीचा भार उचलते. काल्याच्या कीर्तनाला दात्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून वाचली जातात, शाल-श्रीफळ दिले जाते. उन्हातान्हात दारोदार फिरून पट्टी जमवणाऱ्यांची नावे मात्र त्या यादीत क्वचितच येतात. देणाऱ्याचे नाव उरते, मागणाऱ्याचे पुसले जाते. हा भेद जुना आहे. महाराष्ट्रातील एका थोर संस्थेच्या जडणघडणीत तो दोन सख्ख्या बहिणींच्या वाट्याला दोन निराळ्या रीतींनी आला. हा धागा त्या दोघींविषयी.

२.
आधी थोडी पार्श्वभूमी. पेशवाईत विद्वानांना दक्षिणा मिळे, देवस्थानांना इनामे मिळत. देणारा राजा किंवा सरदार असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळा, महाविद्यालये, वाचनालये लोकवर्गणीवर उभी राहू लागली आणि 'निधी मागणे' हे एक स्वतंत्र काम झाले. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजीव सदस्यांनी दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याचे व्रत घेतले. टिळक-आगरकरांची नावे सर्वांच्या ओठी आहेत. परंतु संस्थानिकांच्या दरबारी खेटे घालून या संस्थेसाठी पैसा आणणारे महादेव बल्लाळ नामजोशी आज किती जणांना ठाऊक आहेत?

३.
याच सोसायटीच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १८९१ साली गणिताचे एक प्राध्यापक रुजू झाले : धोंडो केशव कर्वे. निधी उभारणीचे पहिले धडे त्यांनी त्यापूर्वीच गिरवले होते. आपल्या मुरूड गावासाठी त्यांनी 'मुरूड फंड' चालवला होता. गावकऱ्यांकडून थोडी थोडी वर्गणी घ्यायची आणि गावाच्या उपयोगी कामाला लावायची, अशी ती साधी योजना होती. लहान रक्कम, नियमित वसुली आणि चोख हिशेब ही त्रिसूत्री त्यांनी पुढे आयुष्यभर सोडली नाही.

४.
देवरुखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई लहानपणीच विधवा झाल्या होत्या. त्यांचे बंधू नरहरपंत हे कर्व्यांचे स्नेही. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तेथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी त्याच. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांचा आणि विधुर झालेल्या कर्व्यांचा पुनर्विवाह झाला. गोदूबाई आनंदीबाई झाल्या. घरीदारी सारे त्यांना 'बाया' म्हणत. विवाहानंतर हे दांपत्य मुरूडला गेले, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्या गावासाठी फंड चालवला, त्याच गावाची दारे बंद झाली.

५.
१४ जून १८९६ रोजी कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. तरुण विधवांना निवारा व शिक्षण देणे हा त्याचा हेतू. १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगण्याला हलला. रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जागेवर सुमारे ५०० रुपये खर्चून एक झोपडी उभी राहिली. महाविद्यालयातील तास संपले की कर्वे रोज पायी हिंगण्याला जात. आश्रमाचा खर्च बहुतांशी देणग्यांवर होता, आणि येथेच खरा पेच निर्माण झाला.

६.
विधवांना शिकवावे, हे काही सनातनी मंडळींनाही मान्य होते. त्यांचा पुनर्विवाह व्हावा, हे मात्र बहुतेकांना मान्य नव्हते. आश्रम म्हणजे पुनर्विवाहाचे आडमार्गाने चालणारे केंद्र, अशी शंका एकदा पसरली असती तर पालकांनी मुली पाठवल्या नसत्या आणि देणगीदारांनी हात आखडता घेतला असता. म्हणून कर्व्यांनी पुनर्विवाहाची चळवळ आणि आश्रमाचे काम यांत कटाक्षाने अंतर राखले. त्या अंतराची किंमत त्यांच्या पत्नीने मोजली. पुनर्विवाहित असल्यामुळे आनंदीबाईंना आश्रमाच्या जीवनापासून वर्षानुवर्षे दूर राहावे लागले. पतीने ज्या कार्याला आयुष्य वाहिले, त्याच्या उंबरठ्याबाहेर त्या उभ्या होत्या.

७.
तरीही त्यांच्या श्रमांवाचून ते कार्य चालले नसते. पगारातील मोठा वाटा सार्वजनिक कामाकडे वळवणाऱ्या माणसाचे घर चालवणे म्हणजे संस्थेला रोज दिलेली देणगीच होती. फक्त तिची पावती कधी फाटली नाही. आनंदीबाईंनी नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले आणि आपल्या मिळकतीचा संसाराला हातभार लावला. उतारवयात त्यांनी 'माझे पुराण' या आत्मकथनात हे सारे आडपडदा न ठेवता सांगितले. थोर पुरुषाच्या पत्नीचे इतके परखड आत्मकथन मराठीत विरळा.

८.
आता धाकटी बहीण. पार्वतीबाई आठवले यांचा जन्म १८७० साली देवरुखला झाला. अकराव्या वर्षी लग्न, विशीच्या सुमारास वैधव्य, पदरी एक लहान मुलगा. त्या काळच्या रूढीनुसार त्यांचे केशवपन झाले होते. थोरल्या बहिणीच्या आधाराने त्या पुण्याला आल्या आणि वयाच्या पंचविशीनंतर त्यांचे शिक्षण सुरू झाले. पुढे त्या आश्रमातच शिकवू लागल्या आणि तेथील व्यवस्थेची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. देणगीदारांच्या दृष्टीने ही गोष्ट निर्णायक होती.

९.
आश्रमाला वर्गणीसाठी गावोगाव फिरणारे माणूस हवे होते. पार्वतीबाई हे काम करू लागल्या. एरवी विधवेचे तोंड पाहणेही अशुभ मानणाऱ्या समाजात, मस्तक वपन केलेली, साध्या लुगड्यातील एक स्त्री सभेत उभी राहून विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागते, या दृश्याचे वजन आज कल्पनेनेच ताडावे लागते. जे रूप तिला मंगलकार्यांतून हद्दपार करी, तेच सनातनी श्रोत्यांच्या मनातील संशय दूर करी. एका बहिणीला देणगीदारांसाठी लपवावे लागले; दुसरी त्याच देणगीदारांपुढे संस्थेचा चेहरा झाली. दोघींच्या निष्ठेत फरक नव्हता. फरक होता तो पैसे देणाऱ्याच्या नजरेत.

१०.
पार्वतीबाईंची वाटचाल निधी उभारणीच्या व्यवसायाकडे पाहणाऱ्या कोणालाही उद्बोधक वाटेल. अक्षरओळखीपासून शिक्षिकेपर्यंत, शिक्षिकेपासून व्यवस्थापिकेपर्यंत आणि तेथून सभा जिंकणाऱ्या वक्त्या आणि वर्गणी संकलकापर्यंत त्या एकेक पायरी चढल्या. प्रत्येक वेळी संस्थेने त्यांच्यावर आधीपेक्षा मोठे काम सोपवले. चाळिशी उलटल्यावर त्यांनी केशवपनाची रूढी स्वतःहून सोडली. ज्या रूपामुळे श्रोत्यांचा विश्वास सहज मिळत होता, ते टाकून स्वतःच्या शब्दाच्या बळावर उभे राहणे, हे धाडस त्यांनी केले.

११.
१९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम येत होते. भाषा शिकावी, तेथील संस्था पाहाव्यात आणि आश्रमासाठी साहाय्य मिळवावे, असा हेतू होता. निर्वाहासाठी त्यांनी तेथे लोकांच्या घरी घरकाम केले. १९२० साली त्या परतल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ मध्ये आले आणि जस्टिन अॅबट यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या कामात अधिक जाणते होण्यासाठी पन्नाशीच्या उंबरठ्यावर समुद्र ओलांडणारी ही स्त्री आजच्या कोणत्याही प्रशिक्षण वर्गात आदराने सांगावी अशी आहे.

१२.
दरम्यान संस्थेचा विस्तार झाला. १९०७ साली महिला विद्यालय निघाले. १९०८ साली कर्व्यांनी निष्काम कर्म मठ स्थापन केला. अत्यल्प मोबदल्यात आयुष्यभर सेवा करणारे कार्यकर्ते घडवणे हा त्याचा उद्देश. १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झाले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. देणगी भव्य होती आणि सन्मान उचितच होता. परंतु इतक्या मोठ्या रकमेची हमी वाटावी अशी पत त्या कार्याला कोणी मिळवून दिली? चार आणे, आठ आणे मागत वर्षानुवर्षे फिरलेल्या माणसांनी. पाटीवर त्यांच्यासाठी जागा नव्हती.

१३.
याच काळात एक निराळा प्रयोगही चालू होता. अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' काढला : प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत. गोळा झालेल्या निधीतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला आणि तेथे तरुणांना काचकामाचे शिक्षण मिळू लागले. या पद्धतीत एक सुप्त सामर्थ्य होते. सर्वांचा वाटा एकच पैसा असेल, तर अमुक कार्यकर्ता पुढे नको, असे सांगण्याइतका मोठा दाता उरत नाही. मात्र पैसा गोळा करायचा तर असंख्य स्वयंसेवक हवेत. ज्या कामात दाता लहान, त्या कामात स्वयंसेवक मोठा असतो.

१४.
परभणी त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे मराठी शाळा, वाचनालये आणि संघटना लोकांच्या वर्गणीवर जगवायच्या, तर अडचणी दुहेरी होत्या. सार्वजनिक सभेला सरकारी परवानगी लागे आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. अशा परिस्थितीत १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन, तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या परतूर येथे, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. अध्यक्षांचे नाव इतिहासात नोंदले गेले. अधिवेशन म्हटले की मांडव, पाणी, जेवणावळ, मुक्काम आणि या साऱ्यासाठी घरोघरची वर्गणी आलीच. ती माणसे मात्र पुस्तकांच्या पानांवर आली नाहीत. पुढे १९४८ पर्यंतच्या संग्रामात तर निनावी राहणे ही कार्यकर्त्यांची गरजच झाली.

१५.
मग स्वयंसेवकाची कदर म्हणजे नेमके काय? शाल-श्रीफळ हे त्याचे सर्वांत सोपे रूप. या इतिहासातून त्याहून अवघड अशा तीन गोष्टी दिसतात. पहिली, हिशेब : आपण मागून आणलेला पैसा योग्य जागी गेला, हे मागणाऱ्याला ताठ मानेने सांगता आले पाहिजे. दुसरी, वाढ : आज पावती फाडणाऱ्याला उद्या सभा, परवा व्यवस्था आणि पुढे धोरण सोपवले गेले पाहिजे. पार्वतीबाईंना हे मिळाले. तिसरी, पाठराखण : दात्याच्या नाराजीच्या भयाने आपल्याच माणसाला आडोशाला ठेवायचे की नाही, हा प्रश्न. आनंदीबाईंच्या बाबतीत आश्रमाने सावधगिरी निवडली. तिच्यामुळे आश्रम तगला असेलही. पण तिचा भार एका व्यक्तीने वाहिला, हे विसरता येत नाही.

१६.
त्यागाचे अतिगौरव करण्यातही धोका असतो. निष्काम सेवेचे कौतुक करणारा समाज त्या सेवकाच्या घरी चूल कशी पेटते, हे विचारत नाही. 'माझे पुराण' वाचले की हा प्रश्न टाळता येत नाही. ७५ रुपयांचे व्रत घेणारा प्राध्यापक असो वा अत्यल्प मोबदल्यावर राबणारा आजीव सेवक, त्याच्या मागे बहुधा एक न नोंदलेली स्वयंसेविका उभी असे.

१७.
कर्व्यांनी स्वतः मागण्याचे काम कधी हलके मानले नाही. १९२९ पासून त्यांनी युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिका असा दौरा महिला विद्यापीठासाठी केला. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापून ते पुन्हा पुण्यात घरोघर लहान वर्गण्या मागत फिरले. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले.

१८.
आज हिंगण्याची संस्था महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था या नावाने ओळखली जाते. सामाजिक कार्य करणाऱ्या स्त्रियांना ती एक पुरस्कार देते. त्याचे नाव : बाया कर्वे पुरस्कार. ज्या स्त्रीला देणगीदारांच्या धास्तीने आश्रमाबाहेर राहावे लागले, तिचेच नाव आज ती संस्था इतरांचा गौरव करताना घेते. कदर झाली, पण उशिरा.

१९.
परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, कुठल्याही गावी जुनी शाळा, वाचनालय किंवा मंदिर असेल, तर तेथे जुन्या पावत्यांची पुस्तके आणि जमाखर्चाच्या वह्या असण्याचा संभव आहे. पावतीवर देणाऱ्याचे नाव ठळक असते. खाली उजव्या कोपऱ्यात, घाईने केलेली, पुसट होत चाललेली एक सही असते : 'घेणार'. इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी ती सही वाचावी, गावातील वृद्धांना तिच्याविषयी विचारावे आणि ते नाव लिहून ठेवावे.

(धागा समाप्त)