लहान चाकांच्या सायकलीतील चाकबदल आणि ब्रेक

लहान चाकांच्या सायकलीतील चाकबदल म्हणजे घडीच्या किंवा तत्सम छोट्या सायकलीची मूळ चाके काढून त्या जागी वेगळ्या व्यासाच्या रिमची चाके बसविणे. बारीक टायर वापरता यावा, ॲल्युमिनियमची रिम मिळावी किंवा मूळ मापाचे टायर दुर्मीळ झाले म्हणून असा बदल केला जातो. चाक चौकटीत सहज बसले, तरी ब्रेक रिमपर्यंत पोहोचेलच असे नाही.

मापांचा घोळ

टायरवर छापलेला इंचांचा आकडा फसवा असतो. ‘२० इंच’ या एकाच नावाखाली टायरच्या बैठकीचा व्यास ४०६ मिमी आणि ४५१ मिमी असलेल्या दोन रिम विकल्या जातात. ‘१६ इंचा’तही ३०५ मिमी आणि ३४९ मिमी अशी मापे आहेत. एका मापाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. आयएसओ ५७७५ या मानकानुसार टायरची रुंदी व बैठकीचा व्यास मिलिमीटरमध्ये देतात, उदाहरणार्थ ४७-४०६. खरेदी करताना हाच आकडा पाहावा.

टायरची उंची त्याच्या रुंदीइतकी धरल्यास ४७-४०६ टायरच्या चाकाचा बाहेरील व्यास सुमारे ५०० मिमी, तर २८-४५१ चा ५०७ मिमी भरतो. म्हणजे जमिनीपासून आसाची उंची जेमतेम साडेतीन मिमीने बदलते. ब्रेकची रबरे जिथे टेकतात ती रिमची कड मात्र साडेबावीस मिमीने सरकते. चौकटीला बाहेरचा व्यास महत्त्वाचा, ब्रेकला रिमचा.

ब्रेकची पोहोच

कॅलिपर ब्रेकची पोहोच म्हणजे ब्रेकच्या मधल्या बोल्टपासून रबर रिमला टेकते त्या जागेपर्यंतचे अंतर. रेसिंग सायकलींच्या नेहमीच्या कॅलिपरची पोहोच साधारण ३९ ते ४९ मिमी, मध्यम प्रकाराची ४७ ते ५७ मिमी असते. रिम लहान केली की त्याहून लांब भुजांचे ब्रेक घ्यावे लागतात. भुजा लांबल्या की त्या अधिक लवचीक होतात आणि ब्रेकची पकड कमी होते.

व्ही-ब्रेकची अडचण याहून मोठी आहे. त्याच्या खुंट्या फोर्कला व चौकटीला कायमच्या जोडलेल्या असतात आणि रबर वर-खाली करण्याची खाच थोड्याच मिलिमीटरची असते. ४५१ साठीच्या खुंट्यांवर ४०६ चे चाक लावल्यास रिम जवळजवळ खुंटीच्याच उंचीवर येते. तेथे व्ही-ब्रेक चालत नाही.

रबर कसेबसे टेकवून काम भागविणे धोक्याचे आहे. ते वर घासल्यास टायरची बाजू झिजून टायर फुटतो. रिमखाली घसरल्यास आऱ्यांत अडकून चाक एकाएकी थांबू शकते.

ब्रेकचा प्रकार बदलल्यास हँडलवरील लिव्हरही तपासावी लागते. व्ही-ब्रेकला केबल जास्त ओढणारी लिव्हर लागते. कॅलिपरची लिव्हर त्याला जोडल्यास ती ब्रेक पुरता लागण्याआधीच हँडलला टेकू शकते. उलट जोडणीत हाताला फार जोर लावावा लागतो.

उदाहरण : रॅले ट्वेंटी

ब्रिटनमधील रॅले कंपनीच्या ‘ट्वेंटी’ या सायकलीवर हा प्रयोग अनेकांनी केला आहे. तिची ३७-४५१ मापाची चाके काढून ४७-४०६ बसविल्यास बाहेरील व्यास सुमारे ५२५ वरून ५०० मिमीवर येतो. पायडल साडेबारा मिमी खाली येतात आणि प्रत्येक गियर जवळपास पाच टक्क्यांनी हलका होतो. लांब पोहोचेचे कॅलिपर मात्र घ्यावेच लागतात. तरीही हा बदल फायद्याचा ठरतो, कारण मूळ क्रोम चढविलेल्या पोलादी रिमवर पावसात ब्रेक फारच कमी लागतो. ॲल्युमिनियमवर तो बराच चांगला लागतो.

अन्य बाबी

केवळ पुढचे चाक मोठे केल्यास सायकलीचे नाक वर उचलले जाते. दोन आसांत एक मीटर अंतर असताना पुढचा आस १० मिमी उंचावला, तर फोर्कचा कोन सुमारे अर्ध्या अंशाने बदलतो व हँडलचे वळणही बदलते. हबची रुंदी आधी मोजावी : घडीच्या अनेक सायकलींच्या पुढच्या फोर्कमध्ये ७४ मिमी जागा असते, तर सर्वसाधारण हब १०० मिमीचा असतो.

हबमधील ड्रम ब्रेक आणि डिस्क ब्रेक यांचा रिमच्या व्यासाशी संबंध नसतो. मात्र डिस्कचा ताण फोर्कच्या एकाच पायावर येतो, म्हणून मुळात त्यासाठी न बनविलेल्या फोर्कला कॅलिपरची बैठक नुसती डकवून चालत नाही. चाक जितके लहान, तितका त्याच डिस्कचा रस्त्यावरील रोधक जोर अधिक असतो.