शिवराक

यंदाच्या चवथीला आमच्या घरी एक पेच उभा राहिला. पुतणी बंगळूरहून आली ती आल्या आल्या आजीला सांगून मोकळी झाली, "आजी, मी आता दूध, दही, तूप काही घेत नाही हं. व्हीगन झालेय मी." आमची आई पंच्याऐंशीची. पोरीला पोटाचा काही विकार जडला की काय, अशी तिला आधी भीती वाटली. मी समजावून सांगितलं, की प्राण्यापासून आलेलं काहीच खायचं नाही, असा हा नेम आहे. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे शिवराकूच मगो! तातूंत नवें कितें?"

तिच्या या प्रश्नाने मला कामाला लावलं. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, शिवराक म्हणजे मांस-मासळी नसलेलं जेवण. भटजींची, कऱ्हाड्यांची, चित्पावनांची घरं सोडली तर आमच्याकडे बहुतेक हिंदू घरांत नुस्तें म्हणजे मासळी रोजची, आणि शिवराक वाराचं. सोमवार, एकादशी, श्रावण, चवथ, घरातली कार्यं. मासळी हा नियम आणि शिवराक हा त्यातला खंड. पण हा खंड इतक्या वेळा यायचा, की त्याचं एक वेगळं पाकशास्त्रच तयार झालं.

मग मी आणि वहिनी चवथीच्या दोन दिवसांचे पदार्थ मोजायला बसलो. खतखतें, मुगागाठी, अळसाण्यांचं तोंडाक, अळूची भाजी, नीरफणसाच्या कापा, काकडीची करम, सोलकढी, पातोळ्या, मणगणें. यातल्या एकाही पदार्थात दूध नाही! मणगण्याला खिरीसारखं दिसूनही चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस एवढंच लागतं. तूप येतं ते वरून, मोदकावर आणि वरणभातावर. म्हणजे पुतणीसाठी वेगळं रांधायची गरजच नव्हती. तुपाची वाटी जरा लांब सरकवली की झालं.

असं का झालं, याचं उत्तर आमच्या गोठ्यात आणि कुळागरात आहे. आमची गावठी गाय दिवसाला दोन-तीन लिटर दूध देणार, त्यातलंही वासराला राखायचं. इथल्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या धो धो पावसात घाटावरच्यासारखी दुभती जनावरं पूर्वी फारशी पोसली गेली नाहीत. आजही गोव्यात लागणारं बरंचसं दूध घाटापलीकडून येतं. माड मात्र दारात. तेव्हा देशावर जे काम दूध-दही करतं, ते इथे नारळाच्या रसाने केलं. पहिला दाट रस, दुसरा पातळ रस ही आमची साय आणि आमचं ताक. यात कोणाचं तत्त्वज्ञान नव्हतं, जे होतं ते वापरलं. ज्यांच्याकडे नारळही मोजूनच यायचा, त्या कष्टकरी घरांत उकड्या तांदळाची पेज आणि चेपणीचा आंबा एवढ्यावर दुपार निघायची. दूध नाही, तूप नाही. त्याला कोणी व्रत म्हटलं नाही. ती गरिबी होती.

मासळी टाळण्याचंही असंच. श्रावणात नुस्तें खाऊ नये हे धर्माने सांगितलं खरं, पण आषाढ-श्रावणात समुद्रच होडी घालू देत नसे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मगच कोळी बाहेर पडायचे. मासळीच्या विणीचे दिवसही याच सुमाराचे. सरकार आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद ठेवतं, त्यामागे हेच कारण आहे. आणि नेमक्या त्याच पावसात तायकिळा, कुड्डू, तेरें, किल्ल अशा रानभाज्या आपोआप उगवतात. लावणी नको, पैसा नको. आमच्या आजीचा श्रावण असा निसर्गानेच निम्मा पाळून दिलेला होता.

आता थोडं खतखत्याबद्दल, कारण ही आमच्या शिवराक जेवणाची राणी. सुरण, कच्चं केळं, शेवग्याच्या शेंगा, मुळा, भोपळा, रताळं, मक्याच्या कणसाचे तुकडे, तूरडाळ, वाटलेलं खोबरं, गूळ, आमसूल आणि शेवटी ठेचलेल्या तिरफळांचं पाणी. कांदा नाही, लसूण नाही, फोडणीसुद्धा नाही. देवाला चालणारं, सोवळ्यातलं, अगदी पूर्वापार! मीही बरीच वर्षं असंच समजत होतो. पण रताळं अमेरिकेचं, मका अमेरिकेचा, भोपळाही बहुधा तिकडचाच आणि वाटपातली सुकी मिरचीही तिकडचीच. ही मंडळी सोळाव्या शतकात आणि नंतर पोर्तुगीज गलबतांच्या वाटेने आपल्याकडे आली. काजू, अननस, पपई यांची तर नावंसुद्धा पोर्तुगीजांकडून घेतलेली. ज्या राज्यकर्त्यांनी देवळं पाडली त्यांच्याच जहाजांतल्या जिनसा आम्ही देवाच्या नैवेद्यात शिजवल्या आणि दोन-चार पिढ्यांत विसरूनही गेलो. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. फक्त 'शुद्ध परंपरा' असं कोणी तावातावाने म्हणू लागलं, की मला खतखत्यातलं कणीस आठवतं.

स्वयंपाकघर ही राजकारणाबाहेरची जागा आहे, असं मानणाऱ्यांनी गोव्याच्या इन्क्विझिशनचा इतिहास वाचावा. १५६० साली स्थापन झालेलं हे धर्मन्यायालय मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. त्याने १७३६ साली एक जाहीरनामा काढला. ख्रिस्ती झालेल्या गोवेकरांनी काय काय करू नये याची ती लांबलचक यादी. अंगणात तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. आणि त्यातच हेही, की हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवून मग त्यात चवीपुरतं मीठ घालू नये. अ. का. प्रियोळकरांच्या गोवा इन्क्विझिशनवरच्या १९६१ सालच्या इंग्रजी ग्रंथात या जाहीरनाम्याबद्दल वाचताना मी तिथेच थबकलो होतो. भातात मीठ केव्हा पडलं, यावरून माणसाचा धर्म ओळखायचा! आमच्याकडे अजूनही भात अळणीच शिजतो आणि मीठ पानात डावीकडे वाढलं जातं. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

पण हळदीच्या पानाने सगळ्यांना चकवलं. आम्ही नागपंचमीला आणि चवथीला करतो त्याच पातोळ्या आमचे ख्रिस्ती शेजारी १५ ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला करतात. तेच तांदळाचं पीठ, तोच गूळ-खोबऱ्याचा चून, तोच पानाचा वास. त्यांच्या नाताळातला दोदोलही तांदूळ, माडाचा काळा गूळ आणि नारळाचा रस यांचाच. दुधाचा थेंब नाही त्यात.

एवढं सगळं मी पुतणीला मोठ्या उत्साहाने ऐकवलं आणि शेवटी म्हटलं, बघ, तुझं व्हीगन आपल्याकडे शेकडो वर्षं आहेच. ती शांतपणे म्हणाली, "काका, पदार्थ तेच आहेत. कारण ते नाही." आणि तिचं बरोबर होतं. आमचं शिवराक गाईसाठी किंवा माशासाठी नव्हतंच. ते देवासाठी होतं, वारासाठी होतं आणि खरं सांगायचं तर सोवळ्यासाठी होतं. ज्या मुंडकारीण बाईने खतखत्याचा सुरण खणून आणला, तिला माझ्या लहानपणी आमच्या स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडता येत नसे. तिचं पान मागच्या पडवीत. प्राण्याला न दुखवणारं ते जेवण माणसाला दुखवत होतं आणि आम्हाला ते जाणवतही नव्हतं.

तिचा शब्द नवा आहे. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सोबत्यांनी 'व्हेजिटेरियन'ची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं जोडून तो बनवला. दूध-अंडी खाणाऱ्या शाकाहाऱ्यांपासून त्यांना वेगळं व्हायचं होतं. विचार मात्र आपल्याकडे त्याआधीही येऊन गेला होता. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडलं. त्यामागे ब्रह्मचर्याचा विचार होता, तसंच कलकत्त्याकडचे गवळी जनावरांवर करत असलेल्या क्रूरतेविषयी वाचलेलंही. खेड्याच्या धामधुमीनंतर ते फार आजारी पडले, डॉक्टर दुधासाठी हटून बसले, तेव्हा तोड काढली ती कस्तुरबांनी. व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती ना, मग शेळीचं चालेल. गांधीजी शेळीचं दूध प्यायले, पण आपण व्रताचं अक्षर पाळलं आणि आत्मा सोडला, ही खंत त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे. घरातल्या बाईने काढलेली तोड आणि नेम पाळणाऱ्याच्या मनातली बोच. आमच्या घरी त्या दिवशी हेच चाललं होतं.

कारण खरा पेच जेवणाचा नव्हताच, पंचामृताचा होता. पूजा आटोपली, आई पळीने तीर्थ द्यायला लागली. पुतणीने हात पुढे केला नाही. दूध, दही, तूप, आणि तिला मधही चालत नाही. आईचा चेहरा उतरला. देवाच्या प्रसादाला नको म्हणणं तिच्या लेखी आजवर घडलेलंच नव्हतं. कोणी काही बोलेना. मग तिने पळी ठेवली, कलशातल्या पाण्यात तुळशीचं पान बुडवलं आणि ते पुतणीच्या हातावर ठेवलं. पुतणीने ते डोळ्यांना लावून खाल्लं.

संध्याकाळी मी आईला विचारलं, वाईट वाटलं का? "वायट दिसलें," ती म्हणाली. थोड्या वेळाने स्वतःशीच पुटपुटली, की तुमच्या वडिलांनी सोवळं सोडलं तेव्हाही असंच वाईट वाटलं होतं.

निघताना पुतणीच्या पिशवीत तिरफळांची पुडी आणि चार नारळ गेले. "नाल्ल चलता मगो तुका?" आईने खात्री करून घेतली.

"चलता आजी."

"मागीर जालें."