ऑइल सील (गिअरबॉक्सचे)

गिअरबॉक्समधून शाफ्ट जिथे बाहेर पडतो, तिथे आतले तेल आत आणि धूळ-पाणी बाहेर रोखणारे कडे. धातूच्या कड्यावर चढवलेले रबर, शाफ्टवर टेकणारी त्याची निमुळती कड म्हणजे लिप, आणि ती दाबून धरणारी बारीक स्प्रिंग, एवढीच याची रचना. लिप चालते ती जेमतेम मायक्रॉनभर जाडीच्या तेलाच्या थरावर. सील कोरडे पडले की लिप तापून कडक होते व तडकते. नायट्राइल रबर साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, त्यापुढे महाग पण तग धरणारे व्हायटन लागते. धुळीच्या जागी दुहेरी लिपचे सील घालून दोन लिपांमध्ये ग्रीस भरतात.

साखर कारखान्यात गाळप हंगामभर गिअरबॉक्स रात्रंदिवस चालतात, त्यामुळे हंगामात पाहणी तेवढी होते. खरी दुरुस्ती ऑफ-सीझनला. उडणारा बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) भुसा तेलकट जागी चिकटतो आणि शाफ्टभोवती काळपट थर धरतो. गळतीची ही पहिली खूण. थर पुसून पुढच्या पाळीत पुन्हा पाहावे. नुसता ओलावा असेल तर नजर ठेवली तरी चालते. थेंब पडत असेल तर तेलाची पातळी रोज तपासावी लागते.

गळती दिसताच सीलला दोष देणे घाईचे ठरते. आधी ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारी झडप, पाहावा. तो भुशाने तुंबला, की तापलेल्या हवेचा दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो. ऑफ-सीझनच्या रंगकामात ब्रीदरवरही ब्रश फिरून तो बुजतो, हे अनुभवी फिटरला सांगावे लागत नाही! जादा भरलेले तेल आणि झिजलेल्या बेअरिंगमुळे शाफ्टला आलेला प्ले हीही नेहमीची कारणे. सील काढल्यावर लिप चालते त्या जागी शाफ्टवर आडवे नख फिरवावे. ते अडकले तर चर पडली आहे. त्याच चरीवर नवे सील बसवले तर तेही लवकरच गळते. अशा वेळी शाफ्टवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवतात, किंवा जागा असल्यास सील किंचित पुढे-मागे बसवतात.

बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे, लिपला तेल, की-वेच्या (शाफ्टवरील चावीच्या खाचेच्या) धारेवर टेप, आणि दाब सगळीकडून सारखा. हातोडा थेट सीलवर मारू नये. काढलेले सील पुन्हा वापरत नाहीत. स्टोअरमध्ये नवी सीलेही खिळ्याला टांगू नयेत; लिपचा आकार बिघडतो.