नहरीचे पाणी, अंगणातला मोगरा

मे महिन्यात नानीच्या घरी गेलो की दुपार कलण्याची वाट पाहावी लागे. घर औरंगाबादच्या जुन्या शहरातले. रस्त्याकडून पाहिले तर नुसती भिंत आणि एक दार; आत शिरले की मोकळे अंगण आणि अंगणाच्या मधोमध हौद. अस्रची नमाज झाली की नानी पदर खोचून उठायची आणि आम्हा मुलांच्या हाती डबडी यायची. कुणी आधी चहा मागितला तर तिचे उत्तर ठरलेले : "पैले झाडां कू पानी देव, फिर चाय." मोगरा, जुई, डाळिंब, पुदिन्याचा वाफा, मांडवावर चढलेला दोडका, या क्रमाने पाणी फिरायचे. शेवटचे डबडे तापलेल्या फरशीवर ओतले की वाफ उठायची. मगरिबनंतर मोगरा उमलायचा आणि त्यातली दोन फुले रात्रीच्या पिण्याच्या सुरईत पडायची. उन्हाळ्याच्या सुट्टीचे सुख म्हणजे आमच्या लेखी एवढेच होते, आणि ते पुष्कळ होते.

त्या हौदात तेव्हा नळाचे पाणी भरले जाई. पण हौद नळासाठी बांधलेला नव्हता. त्याच्या एका कोपऱ्यात खापराच्या नळीचे बुजलेले तोंड होते. "ये नहर का मूं है," नानी सांगायची. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. त्या बुजलेल्या तोंडाचा इतिहास पुढे पुस्तकांतून कळला.

पुस्तकांत बागा भेटतात त्या बहुधा बादशहांच्या. बाबराचेच पाहा. हिंदुस्थानात आल्यावर इथला उकाडा, इथली धूळ आणि वाहत्या पाण्याचा अभाव यांबद्दल त्याने आपल्या आत्मचरित्रात भरपूर तक्रार केली आहे. काबूलकडचे एक खरबूज कापताना आपल्याला रडू कोसळल्याचेही त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. पण १५२९ च्या भर उन्हाळ्यात तो आग्र्याला परतला, तेव्हा त्याच्या हश्त बहिश्त बागेत बल्खच्या माळ्याने लावलेली खरबुजे तयार झाली होती. छोटीच, पण चांगली. एकदोन वेलींना द्राक्षेही धरली होती. हिंदुस्थानच्या मातीत ही फळे आली याचे त्याला केवढे समाधान! साम्राज्य मिळवलेला माणूस इथे अगदी परसातल्या वेलीला पहिले फळ लागलेल्या गृहस्थासारखा बोलतो. मला पानिपतच्या बाबरापेक्षा हा बाबर जवळचा वाटतो.

मात्र बाबराकडे रहाट होते, बैल होते, माणसे होती. विणकराच्या, शिपायाच्या, कागद करणाऱ्याच्या अंगणातल्या रोपाला वैशाखात पाणी कोण घालणार? दख्खनमध्ये या प्रश्नाचे उत्तर दिले ते एका गुलामाने. मलिक अंबर हा हबशी. लहानपणी विकला गेला, बगदादसारख्या शहरांतून हातोहात फिरला आणि शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. मोगलांना त्याने गनिमी काव्याने जेरीस आणले हे आपण शाळेत शिकतो. १६१० मध्ये खडकी वसवल्यावर त्याने तिथे पाणी कसे आणले, हे मात्र शाळेत फारसे कुणी सांगत नाही.

खडकी नावाप्रमाणे खडकाळ. खाम नदी उन्हाळ्यात आटणारी. अंबरने उत्तरेकडच्या डोंगरातले, जमिनीखाली झिरपलेले पाणी हेरले आणि १६१७ च्या सुमारास नहर-ए-अंबरी बांधून काढली. जमिनीखालून दगडी बांधणीचा बोगदा, त्याला बेताचा उतार, ठिकठिकाणी हवा खेळण्यासाठी व गाळ काढायला उतरण्यासाठी विहिरीसारखी तोंडे, आणि शहरात शिरल्यावर खापराच्या नळ्या. मोट नाही, रहाट नाही. पाणी आपल्याच भाराने चालत येई. जमिनीखालून येत असल्याने उन्हाने आटत नसे आणि थंडही राही. इराणातल्या कनातीची ही विद्या. त्याच सुमारास, १६१५ मध्ये, बुऱ्हाणपुरातही अशीच योजना झाली होती. चौकातले हौद, मशिदी, हमामखाने, वाडे सगळीकडे हे पाणी खेळू लागले. अंबर १६२६ मध्ये वारला. पुढे खडकीचे फतेहनगर झाले, १६५३ नंतर औरंगाबाद झाले, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलत गेली तरी अंबरची नहर तीनशे वर्षे शहराला पाणी देत राहिली, आणि तिच्या जोडीला नव्या नहरीही आल्या. अठराव्या शतकातल्या पाणचक्कीला पाणी मिळाले ते अशाच एका नहरीतून. तिथल्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. डोक्यावर पाणी घेऊन उन्हाळा काढण्याची ही युक्ती ज्याला सुचली त्याला सलाम.

अशा घरांच्या अंगणांत काय लावले होते, याची नोंद कुणी ठेवली नाही. बखरकारांना लढायांतून सवड नव्हती, आणि बाग राखणाऱ्या बहुतेक बायका होत्या. अंबरच्याच काळात विजापूरला इब्राहिम आदिलशाहाच्या दरबारी 'इत्र-ए-नौरसशाही' नावाचा सुगंधांवरचा ग्रंथ लिहिला गेला. त्यावरून फुलांची हौस किती होती ते कळते, पण तोही दरबारचाच. एवढे नक्की की तेव्हाच्या वाफ्यात टोमॅटो नव्हता. तो बऱ्याच नंतर आला. मिरची पोर्तुगीजांबरोबर किनाऱ्यावर उतरली होती, पण अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त शाही स्वयंपाकाच्या जिनसांमध्ये ती नाही. तिखटाचे काम मिरीच करते. वांगी, दुधी, दोडका, कारले ही आपली जुनीच मंडळी.

नोंद उरली ती भाषेत. 'गुलाब' म्हणजे फारसीत फुलाचे पाणी. आपण पाण्याचे नाव फुलालाच देऊन टाकले. त्याच फुलाच्या पाकळ्या साखरेत मुरवून बरणी उन्हात ठेवली की गुलकंद होतो, तोही शब्द तिकडचाच. पुदिना, खरबूज, अंजीर तसेच. उन्हाळ्यात सरबतात भिजवून घालतो तो सब्जा म्हणजे 'हिरवे'. कुरआनात ज्या रैहानचा उल्लेख आहे त्याच्या कुळातले हे रोप. आमच्याकडे ते दाराशीही लागते आणि कबरीवरही. सातबाऱ्यावर मराठी शेतकरी आजही 'जिराईत' आणि 'बागाईत' वाचतो. ज़िराअत आणि बाग तिथे मुक्कामाला आहेत. आणि मंडईत पाटीवर बसणारा आपला बागवान! त्याच्या धंद्याचे नाव आडनाव झाले. मराठी मुसलमानाला आपली मुळे विचारणाऱ्यांनी एकदा भाजी घ्यायला जावे.

विसाव्या शतकात नहरींवर घरे उठली, नळ्या फुटल्या, कुठे त्यांत गटारे मिसळली. गोदावरीवर जायकवाडी झाले, पाणी पंपाने चढू लागले. नहर आपोआप चालत होती, म्हणून तिच्याकडे पाहण्याची गरज कुणालाच वाटली नाही. गेल्या काही वर्षांत याच शहराने नळाला आठ-आठ दिवसांनी आलेले पाणीही पाहिले.

नानीनंतर घराच्या वाटण्या झाल्या. अंगणावर स्लॅब पडला, हौद बुजवला गेला. माझी खाला वरच्या मजल्यावर राहते. गच्चीत तेलाच्या पत्र्याच्या डब्यांतून तिने पुदिना, मिरच्या आणि एक मोगरा जगवला आहे. तांदूळ धुतलेले पाणी, भाजी धुतलेले पाणी ती बादलीत साठवते. मागच्या मेमध्ये गेलो तेव्हा संध्याकाळी तिने ती बादली माझ्यापुढे सरकवली. चहाचे आधण अजून ठेवायचे होते.