एसएफएलटी-१ मापन

रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाच्या एका ग्राहीचा, म्हणजे एफएलटी-१ चा, रक्तात सुटा फिरणारा प्रकार मोजण्याची प्रतिरक्षा-चाचणी. मूळ ग्राही वाहिन्यांच्या अस्तरातील पेशींवर रोवलेला असतो. सुटा प्रकार गरोदरपणात मुख्यतः वारेतून येतो आणि व्हीईजीएफ व त्याच्याच कुळातील पीएलजीएफ यांना वाटेतच धरून निकामी करतो. शेरॉन मेनार्ड, अनंत करुमांची व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले, की प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणी रक्तदाब चढण्याच्या आजारात, तो फाजील वाढतो. गाभण उंदरांमध्ये तो वाढवला, तर त्यांचाही रक्तदाब चढतो आणि लघवीतून प्रथिन जाऊ लागते.

मोजण्याची रीत एंगवाल व पर्लमान यांच्या १९७१ च्या एलायझाची. ९६ खळग्यांच्या प्लेटच्या तळाशी चिकटवलेली अँटिबॉडी ग्राहीला धरते, विकर जोडलेली दुसरी अँटिबॉडी त्यावर बसते. रंग देणारे द्रव्य घातले की खळगा निळा होतो, आम्लाचा थेंब पडताच पिवळा, आणि यंत्र ४५० नॅनोमीटरवर तो पिवळेपणा वाचते. म्हणजे हाती येतो तो अँटिबॉडीला जेवढा ग्राही दिसला तेवढ्याचाच आकडा. पीएलजीएफ बिलगलेला ग्राही एका किटला दिसेल, दुसऱ्याला नाही. बाईला हेपॅरिन दिलेले असेल, तर आकडा आणखी चढतो. किटांमधल्या या फरकामुळेच एका किटचा उंबरठा दुसऱ्याला लावू नये.

बुलढाणा जिल्ह्यात या चाचणीचा खरा उपयोग ‘हलवा’ म्हणण्यापेक्षा ‘तूर्त हलवू नका’ म्हणण्यात आहे. रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगावच्या सपाटीतून जाते. बुलढाणा शहर घाटावर, लोणार दक्षिण टोकाला, संग्रामपूर सातपुड्याच्या पायथ्याशी. इतक्या दूरदूरच्या ठिकाणांहून दाब सीमेवर असलेल्या बाईला उगाच हलवणे घरच्यांना महागात पडते. २०१६ च्या प्रॉग्नोसिस अभ्यासात एसएफएलटी-१ व पीएलजीएफ यांचे गुणोत्तर ३८ किंवा कमी असल्यास आठवडाभरात आजार न होण्याची खात्री ९९.३ टक्के निघाली. ते ३८ च्या वर गेल्यास चार आठवड्यांत आजार होण्याचा अंदाज मात्र जेमतेम ३६.७ टक्के खरा ठरला.

दाबाचा पट्टा आणि लघवीची पट्टी असताना हे कशाला, असा आक्षेप येतो. निदान मुख्यतः त्यांवरच होते, हे खरे. पण ती साधने आजचे सांगतात, पुढच्या आठवड्याचे नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ९९.३ हा आकडा त्या अभ्यासातल्या बायकांचा. आजार जिथे जास्त, तिथे ‘नाही’ या उत्तराची खात्री घटते, त्यामुळे तो जसाच्या तसा इथे आणता येत नाही. तरी २४ ते ३६ आठवड्यांच्या संशयित बाईत, लक्षणे व दाब पाहूनच ते गुणोत्तर वापरले, तर वाव उरतो. लक्षणे गंभीर असताना मात्र आकड्याची वाट पाहत बसू नये.

अडचण उरते ती नळीची आणि वेळेची. मे महिन्यात शेगाव-खामगावकडे पारा चाळिशीपार जातो. तेव्हा गुठळी बसवून, सेंट्रिफ्यूज करून, सीरम वेगळे काढल्यावरच नमुना बर्फाच्या डब्यात प्रवासाला निघावा. एका नमुन्यासाठी अख्खी प्लेट कोणी लावत नाही. ती भरेपर्यंत थांबले तर आठवड्याच्या अंदाजातले तीन-चार दिवस त्यातच जातात. स्वयंचलित यंत्र एकेक नमुना १८ मिनिटांत वाचते. म्हणून इथे ते हवे.