फुलम ते केडगाव: पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेची कसोटी

१/
पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या या विदुषीला कोणता युक्तिवाद पटला असेल? रमाबाईंनी स्वतः दिलेले उत्तर आपल्याला लंडनच्या फुलम भागातील एका आश्रमात घेऊन जाते.

२/
वॉन्टेज येथील ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहत होत्या. हवापालटासाठी त्यांना फुलमला पाठवण्यात आले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळे. एकेकाळी त्याच आश्रयाला आलेल्या काही जणी आता रुग्णांची व दुर्बलांची सेवा करीत होत्या. अशा स्त्रियांसाठी काही करता येते, करावे, हे रमाबाईंनी आयुष्यात प्रथमच पाहिले.

३/
ही करुणा येते कोठून, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व त्यांची चिमुकली कन्या मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या बाबतीत कृती आधी दिसली. सिद्धान्त मागाहून आला.

४/
परंतु दुसऱ्यांच्या श्रद्धेला अशी कसोटी लावणे सोपे असते. स्वतःचे काय? ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास हलवले.

५/
येथेच संघर्ष पेटला. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, पण दार बंद ठेवीत नसत; मुली येऊन बसत. ‘केसरी’ने कडाडून टीका केली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा विश्वासभंग झाला, हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. रमाबाईंनी मात्र ना दार लावले, ना काम थांबवले.

६/
१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. उपासमार रमाबाईंना नवी नव्हती. १८७० च्या दशकातील दुष्काळातच त्यांचे आईवडील व थोरली बहीण दगावली होती आणि त्या भावासह अन्नपाण्यावाचून पायी भटकल्या होत्या. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन परतल्या.

७/
पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. म्हणून फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर राहुट्या ठोकल्या गेल्या. तेच पुढे मुक्तिसदन झाले. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही मुली आल्या आणि आश्रितांची संख्या सुमारे २००० वर गेली. एवढ्या जणींना रोज जेवू घालायचे, शिकवायचे, स्वतःच्या पायांवर उभे करायचे! शेती, दुभती जनावरे, विणकाम, छापखाना अशी कामे मुलीच करू लागल्या. अंध मुलींच्या शिक्षणाची बाजू मनोरमाने सांभाळली.

८/
केडगावातच ‘कृपासदन’ उभे राहिले, समाजाने ‘पतित’ म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांसाठी. फुलमला जे पाहिले, ते येथे मराठी मातीत रुजले.

९/
अखेरची अनेक वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचा मराठी अनुवाद केला. अल्पशिक्षित बाईलाही कळावी अशी भाषा त्यांना हवी होती. त्याचे खिळे जुळवले ते आश्रमातल्याच मुलींनी. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

१०/
रमाबाईंच्या धर्मांतराविषयी मतभेद होते, पुढेही राहतील. पण श्रद्धा खरी की खोटी हे त्यांनी ज्या प्रश्नाने तपासले, तो कोणत्याही धर्माच्या माणसाला चुकवता येत नाही: ज्याला सर्वांनी टाकले, त्याच्यासाठी तुझ्या घरात जागा आहे का?